स्टेजिया सी३४: बूस्ट कंट्रोलर सगळ्यात शेवटी

तुमची गाडी १९९९ची ऑटोमॅटिक, फोर-व्हील-ड्राइव्ह निस्सान स्टेजिया, चॅसिस कोड डब्ल्यूजीएनसी३४, आणि टर्बो इंजिन आरबी२५डीईटी निओ. काय काय बदलावं याची तुमची यादी अशी: कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन), १८ इंची चाकं, फ्रंट-माउंट इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा, गाडीच्या तोंडाशी बसणारा) आणि बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवणारा बूस्ट कंट्रोलर. चारही गोष्टी करण्यासारख्या आहेत, फक्त बूस्टला हात सगळ्यात शेवटी लावा.

आधी इंजिनाची तब्येत बघा. सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजा. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा, तो १ किलो प्रति चौ. सेंमी.च्या आत हवा. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा पुरावा नसेल तर बदललाच नाही असं धरा आणि बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप एकदमच बदला.

चाकांच्या बाबतीत ही गाडी नाजूक आहे. पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५×११४.३, हबचा व्यास ६६.१ मिमी, नट एम१२×१.२५. २०५/५५ आर१६ टायरचा व्यास साधारण ६३२ मिमी येतो, २२५/४० आर१८चा ६३७, दोन्ही जवळपास सारखे, म्हणजे १८ इंचीत २२५/४० चालतो. वॅगन मागे सामानाने लादली जाते, म्हणून लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ९२ किंवा वरचा घ्या. पुढे २३५/४० आणि मागे २५५/३५ अशी जोडी मात्र अजिबात लावू नका. पुढचा व्यास ६४५, मागचा ६३६. मागची चाकं कायम थोडी जास्त फिरतात. अटेसाचा, म्हणजे निस्सानच्या फोर-व्हील-ड्राइव्ह यंत्रणेचा, कॉम्प्युटर ते मागच्या चाकांचं घसरणं समजतो आणि सरळ रस्त्यावरही पुढच्या चाकांकडे टॉर्क पाठवत राहतो. पुढच्या चाकांकडे टॉर्क वळवणाऱ्या ट्रान्सफर केसमधला क्लच तापतो तो यामुळेच. चारही टायर एकाच मॉडेलचे आणि सारखे झिजलेले ठेवा.

कॉइलओव्हर मागवताना चॅसिस कोड पूर्ण द्या. रिअर-व्हील-ड्राइव्ह डब्ल्यूजीसी३४चा सेट पुढे बसेल असं गृहीत धरू नका, कारण तुमच्या गाडीत पुढचा ड्राइव्हशाफ्ट तिथूनच जातो. २००१नंतरची एम३५ तर वेगळ्या व्हीक्यू इंजिनाची, वेगळीच गाडी. तिचे भाग विसरा. मागच्या स्प्रिंगा वॅगनच्या वजनाच्याच हव्यात. ३० मिमीपेक्षा जास्त खाली आणलीत तर मागचा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचं वरून आत झुकणं) वाढून टायरची आतली कड खाल्ली जाते; मग हा झुकाव जुळवता येणारे अ‍ॅडजस्टेबल कॅम्बर आर्म आलेच. आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा. हवेत लटकत असताना आवळले की रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

इंटरकूलरच्या पाइपचं प्रत्येक जोड दाबाखाली तपासा. इंजिनात जाणारी हवा मोजणारा एअरफ्लो मीटर या पाइपांच्या आधीच ती मोजून मोकळा होतो. नंतर गळलेल्या हवेचंही पेट्रोल इंजिनात पडतं, धूर काळा येतो, गाडी अडखळते. पाय उचलल्यावर पाइपातली जास्तीची हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह हेच करतो, म्हणून मूळचा परत इनटेकमध्ये सोडणाराच ठेवा.

आता बूस्ट. कारखान्यातून ०.५ बारच्या आसपास येतो. मूळ टर्बोचं टर्बाइन चाक सिरॅमिकचं आहे. जास्त बूस्टच्या वेगात आणि उष्णतेत ते शाफ्टवरून सुटतं. ०.७ बारवर थांबा. त्याआधी प्लगची गॅप १.१वरून ०.८ मिमी करा आणि प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइल तपासा. जुन्या कॉइलला तडे गेलेले असतात. बूस्ट वाढला की ठिणगी तिथून इंजिनाच्या हेडला पळते आणि ४,००० आरपीएमच्या वर गाडी फटफटते. पुष्कळ जण याला पेट्रोल पंपाचा दोष समजून पंप बदलतात. कॉइल नीट असूनही वरच्या आरपीएमला गाडी एकदम सुस्तावली, तर हवेचा आकडा ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, नकाशाबाहेर गेलाय. मग ईसीयू जास्तीचं पेट्रोल ओततो आणि ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. तिथून पुढे ईसीयू ट्यूनिंगशिवाय बूस्ट वाढवू नका. ट्यूनिंग चारही चाकं फिरणाऱ्या डायनोवरच (गाडीची ताकद मोजणारं यंत्र).

आणि यादीत नसलेली एक गोष्ट जोडा: गिअरबॉक्ससाठी वेगळा ऑइल कूलर. वाढलेला टॉर्क आधी ऑटोमॅटिकच्या क्लच प्लेटा जाळतो. एकदा ड्रेन केल्यावर बरंच जुनं ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं, त्यामुळे थोडे दिवस चालवून पुन्हा बदला.