‘अचानक रक्तस्राव झाला’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न : आईच्या मेंदूच्या आवरणावरची गाठ काढली. चार तासांचं ऑपरेशन आठ तास चाललं. ‘मोठ्या शिरेतून अचानक रक्तस्राव झाला, म्हणून गाठीचा तुकडा ठेवावा लागला,’ असं डॉक्टर म्हणाले. तिच्या डाव्या पायात आता जोर नाही. कुणाची चूक झाली असेल का?

उत्तर : रिपोर्ट न पाहता, कुणाची चूक झाली का, याचा निवाडा मी करणार नाही. पण मोठी शीर आणि पाय, या दोन गोष्टींवरून गाठीची जागा लक्षात येते. कपाळापासून मागेपर्यंत, कवटीच्या आतून मधोमध एक मोठी शीर जाते. पाय हलवणारा मेंदूचा भाग तिला खेटूनच असतो. गाठ शिरेला लागून आहे हे एमआरआयवर दिसतं; किती घट्ट चिकटली आहे, हे बऱ्याचदा हात घातल्यावरच कळतं.

ही शीर फाटली की रक्त धमनीसारखं उडत नाही, भरून येतं. मायक्रोस्कोपखाली क्षणात सगळं लाल होतं. मी शिकत होते तेव्हा अशा वेळी हात आपोआप रक्तवाहिनी जाळून बंद करायच्या चिमट्याकडे जायचा, आणि जाळायला गेलं की भोक मोठं होतं. त्याऐवजी जेलफोमचा, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या स्पंजचा तुकडा, वर ओल्या कापसाची पट्टी, आणि हलकं दाबून थांबायचं. पाच मिनिटं, कधी दहा. ती फार लांब वाटतात. डोक्याकडची बाजू उचलली की रक्त कमी होतं, पण जास्त उचलली तर त्याच भोकातून हवा ओढली जाऊन हृदयात पोचते, म्हणून भूलतज्ज्ञांना विचारूनच. तुमचे वाढलेले चार तास बरेचसे यातच गेले असावेत.

गाठीचा तुकडा मीही ठेवला असता. ही शीर मध्येच बंद झाली तर मेंदूत रक्त तुंबतं आणि दोन्ही पाय जाऊ शकतात. अशा बहुतेक गाठी सावकाश वाढतात. ठरावीक काळाने एमआरआय करायचा, वाढ दिसली तर रेडिएशनचा विचार होतो.

ऑपरेशनच्या नोंदींची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू होती का, ती कधी थांबवली, हे त्यात पाहा. नंतरच्या स्कॅनमध्ये नुसती सूज आहे की मेंदूत रक्त साकळलंय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. सूजच असेल तर जोर काही आठवड्यांत परतू लागतो. फिजिओथेरपी मात्र आजच सुरू करा. आणि आईला पायाचा अंगठा हलवायला सांगा. किंचित जरी हलला, तरी मला कळवा.