आवृत्ती, प्रत आणि पाठ

प्रश्न असा आहे: एका लेखकाने आपल्या ई-पुस्तकातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, दोन चुकलेली सालं सुधारली आणि नवी फाइल चढवली. तिच्यावर 'दुसरी आवृत्ती' लिहावं की 'सुधारित प्रत'? आणि वेबवरच्या एखाद्या लेखात असाच फेरफार केला तर त्याला काय म्हणावं?

माझं मत आधी सांगून टाकतो. दोन्ही नकोत. 'पहिली आवृत्ती, दुरुस्त पाठ' असं लिहावं आणि शेजारी दुरुस्तीची तारीख द्यावी. वेबवरच्या लेखाला तर 'आवृत्ती' लावूच नये. तिथे 'पाठ', म्हणजे मजकुराचं एका वेळचं रूप, हाच नेमका शब्द आहे, आणि तो आपल्याकडे कितीतरी आधीपासून आहे.

'आवृत्ती'त धातू आहे वृत्, म्हणजे वळणे, फिरणे. 'आ' लागला की फिरून येणे. 'आवर्तन' त्याच कुळातला. रुद्राची अकरा आवर्तनं केली म्हणजे तोच मजकूर अकरा वेळा म्हटला; एक अक्षर बदललं तरी चूक. शब्दाच्या मुळाशी बदल नाहीच, आहे ती पुनरुक्ती. छपाई आली तेव्हा एका वेळी जेवढ्या प्रती काढल्या ती आवृत्ती झाली. म्हणूनच 'हजार प्रतींची आवृत्ती' किंवा 'आवृत्ती संपली' असं आपण म्हणतो. पण अक्षरांचे जुळवलेले खिळे मोकळे केले की पुढच्या वेळी सगळी जुळणी नव्याने करावी लागे, आणि तीच मजकुरावर हात फिरवायची संधी असे. तिथून 'सुधारून वाढवलेली आवृत्ती' हा दुसरा अर्थ चिकटला. निव्वळ पुनर्मुद्रणावर 'दहावी आवृत्ती' छापणाऱ्या प्रकाशकांना आपण नावं ठेवतो खरी, पण व्युत्पत्ती त्यांच्या बाजूने आहे.

ई-पुस्तकात मात्र प्रतींचा गठ्ठाच नाही, त्यामुळे ते संपतही नाही. पहिला अर्थ तिथे गळून पडतो आणि उरतो फक्त बदललेल्या मजकुराचा. मग बदल केवढा झाला की आवृत्ती म्हणायचं? आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाला मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकाचा, नियम इथे उपयोगी पडतो: मजकुरात लक्षणीय बदल केला तर नवा क्रमांक, टंकनदोष काढले तर जुनाच क्रमांक चालू. (ईपब आणि पीडीएफ ही फाइलची रूपं स्वतंत्रपणे विकायची असतील तर त्यांना वेगवेगळे क्रमांक लागतात, पण ती बाब स्वरूपाची, मजकुराची नव्हे.) दोन सालं आणि काही वेलांट्या यांनी आवृत्ती बदलत नाही. सॉफ्टवेअरवाले हाच भेद आकड्यांत करतात. मोठा बदल असेल तर पहिला आकडा वाढतो, नुसत्या दुरुस्तीला शेवटचा. संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड कनुथ यांनी आपल्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत याहून सुंदर वाट काढली: तिसऱ्या आवृत्तीनंतर प्रत्येक दुरुस्तीगणिक क्रमांकाला पाय (π) या गणितातल्या संख्येचा पुढचा एक अंक जोडायचा. 3.14, मग 3.141, असं करत ती 3.141592653 पर्यंत आली आहे. इतक्या वर्षांत चौथी आवृत्ती आली नाही.

'सुधारित प्रत' नको, कारण प्रत म्हणजे एका वाचकाच्या हातातला एक नग. फाइल बदलली की पुढे उतरवली जाणारी प्रत्येकच प्रत बदलते. शिवाय ई-पुस्तकाच्या बाबतीत 'माझी प्रत' या शब्दांत फारसा दम नाही. 2009 च्या जुलैत अमेझॉनने जॉर्ज ऑरवेल यांच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडल या वाचनयंत्रावरून परस्पर पुसल्या होत्या.

आता 'पाठ'. ज्ञानेश्वरी शुद्ध करताना एकनाथांनी शेवटी जोडलेल्या ओव्या आठवा:

'ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध ।'

ग्रंथ मुळात निर्दोष आहे, पण निरनिराळ्या पाठांमुळे त्यात शुद्धाशुद्ध मिसळलं आहे. इथलं 'पाठांतर' म्हणजे घोकंपट्टी नव्हे, तर वेगळा पाठ. ग्रंथ एक आणि त्याचे पाठ अनेक, हा भेद एकनाथांनी अर्ध्या ओवीत केला. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी मला फार मोलाची वाटते. काम कधी झालं ते त्यांनी ओवीतच नोंदवलं: 'शके पंधराशे साहोत्तरी', म्हणजे शके 1506, इसवी सन 1584, आणि 'एका जनार्दने' अशी स्वतःची ओळखही दिली. कुणी, कधी आणि काय दुरुस्त केलं हे तिन्ही वाचकासमोर आहे. दुरुस्तीच्या नोंदीत याहून जास्त काय लागतं?

भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच परंपरेतली. तिचं आदिपर्व 1933 मध्ये पूर्ण झालं, सगळं काम 1966 मध्ये. स्वीकारलेला पाठ वर, नाकारलेले पाठभेद खाली. तिथे 'आवृत्ती' हा शब्द शोभतो.

वेबवर नेमकं हेच हरवतं. पान उघडलं की शेवटचा पाठ तेवढा दिसतो, आधीचा कुठेच नाही. काल कुणी त्यातलं वाक्य उद्धृत केलं असेल आणि आज ते गुपचूप बदललं, तर खोटा ठरतो तो उद्धृत करणारा. हा त्याच्यावर अन्याय आहे. विकिपीडियावर 'इतिहास पहा' दाबलं की जुनी रूपं एकापाठोपाठ दिसतात. तिथे त्यांना आवृत्त्या म्हटलं जातं, मी त्यांना पाठच म्हणेन. वेबपानांची जुनी रूपं जपणारं वेबॅक मशीन हे संकेतस्थळ साठवलेल्या पानाच्या पत्त्यात वर्षापासून सेकंदापर्यंतचे चौदा अंक घालतं, तेही पाठाची वेळ सांगण्यासाठीच. ज्यांच्याकडे अशी सोय नाही त्यांनी निदान मजकुराखाली एक ओळ लिहावी: 'अमुक तारखेचा पाठ, तिसऱ्या परिच्छेदातलं साल दुरुस्त केलं, आधी तमुक होतं.'

त्या ओळीत 'अद्ययावत' मात्र लिहू नका. अद्ययावत म्हणजे आजपर्यंतचं. एक साल सुधारल्याने उरलेला लेख आजपर्यंतचा होत नाही. 'दुरुस्ती' लिहा, आणि नवा मजकूर घातला असेल तर 'भर'.