कार्टिंगचा खर्च आणि कॅश क्रेडिटचे खाते

कोल्हापूरहून आलेल्या एका पत्रातला प्रश्न असा आहे. पत्रलेखकांची बारा वर्षांची मुलगी कार्टिंग म्हणजे लहान उघड्या गाड्यांच्या शर्यती करते; रोटॅक्स कंपनीच्या इंजिनांवर चालणाऱ्या राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेत ती मिनी मॅक्स या मुलांच्या गटात आहे. यंदा पाच फेऱ्यांच्या एकूण गुणांत ती नववी आली. आता तिच्या संघाने हिवाळ्यात दुबई आणि अल ऐन येथील मालिकेत उतरण्याचा प्रस्ताव ठेवला असून त्याचा खर्च १८ लाख रुपये आहे. हे पैसे मोठ्या मुलाच्या शिक्षणासाठी साठवलेल्या २२ लाखांच्या म्युच्युअल फंडांतून काढावेत की घरावर आणखी कर्ज घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे. पाच लाखांची आगाऊ रक्कम महिनाअखेर भरायची आहे आणि ती परत मिळणार नाही.

याचे उत्तर लहान आहे. फंड मोडू नका, कर्ज घेऊ नका आणि यंदा दुबईचा विचार सोडून द्या. तुमचा मुलगा बारावीत आहे आणि त्याच्या अभियांत्रिकीच्या चार वर्षांचा खर्च तुम्हीच १६ लाख धरला आहे. ते पैसे वर्षभरात लागायला सुरुवात होणार असल्याने त्यातला पहिल्या दोन वर्षांचा भाग शेअर बाजाराच्या फंडातून काढून आजच बँकेच्या ठेवीत ठेवायला हवा. त्याला हात लावण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय रोटॅक्सची रचनाच अशी आहे की राष्ट्रीय मालिकेत आपला गट जिंकणाऱ्याला वर्षअखेरीच्या जागतिक ग्रँड फायनल्सचा प्रवेश मिळतो, आणि तिथे कार्टची चौकट (चॅसी) व इंजिन आयोजकच देतात, कोणाच्या वाट्याला कोणते हे सोडतीने ठरते. देशात पहिल्या तिघांत येण्याआधी १८ लाख भरून परदेशात नववे किंवा पंधरावे येण्याची घाई संघाला असू शकते, कारण ती त्याची विक्री आहे. तुम्हाला ती असण्याचे कारण नाही.

पण तुमच्या पत्रातली मला अस्वस्थ करणारी वाक्ये वेगळीच आहेत. तिसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता लिहिता की मागील दोन हंगामांचे ९ आणि १३ असे एकूण २२ लाख ‘कारखान्याच्या सीसीतून भागवले, त्यामुळे घरावर ताण आला नाही’. सीसी म्हणजे बँकेचे कॅश क्रेडिट खाते. पुढे लिहिता की टर्म विमा, म्हणजे फक्त जिवाच्या जोखमीचा विमा, घेतलेला नाही, कारण मुलीच्या नावाने घेतलेल्या पॉलिसीत तुमच्या जिवाची २४ लाखांची जोखीम आहे. आणि त्याही पुढे, बँकेच्या शाखेतून हल्ली दोनदा फोन आला, असे एक वाक्य आहे. दुबईचा निर्णय चुकला असता तर १८ लाख गेले असते. या तीन वाक्यांत तुमचे घर आणि शिरोलीचा कारखाना दोन्ही आहेत.

कॅश क्रेडिट हा धंद्याच्या चक्रासाठी दिलेला पैसा असतो. कच्चा माल येतो, यंत्रावर चढतो, मालाचे बिल होते, ६० किंवा ९० दिवसांनी पैसे येतात, आणि तेवढ्या काळापुरती बँक तुम्हाला उसने देते. दरमहा तुम्ही देता त्या स्टॉक स्टेटमेंटवरून, शिल्लक माल आणि येणी यांतून देणी वजा करून आणि साधारण २५ टक्के मार्जिन कापून, तुमची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून जास्तीत जास्त किती उचलता येईल ती रक्कम, ठरते. तुमची मर्यादा ६० लाखांची आहे, माल आणि येणी मिळून सध्या निव्वळ ८० लाखांची आहेत, म्हणून ड्रॉइंग पॉवर बरोबर ६० लाख येते, आणि तुम्ही ५७ लाख वापरले आहेत. या ५७ पैकी २२ लाखांच्या बदल्यात कारखान्यात ना लोखंड आहे, ना कोणाकडून येणे. ते इंधन, टायर, प्रवेशशुल्क आणि मेकॅनिकचे पगार होऊन संपले आहेत. तुमचे मुख्य गिऱ्हाईक दोन पंप कारखाने आहेत. त्यांपैकी एकाने तीन महिने ऑर्डर कमी केली आणि माल व येणी ६० लाखांवर आली, तर ड्रॉइंग पॉवर ४५ लाखांवर येईल आणि खाते एका स्टेटमेंटमध्ये १२ लाखांनी जादा उचललेले दिसेल. असे खाते सलग ९० दिवस राहिले की बँकेला ते थकीत कर्जात टाकावे लागते. कार्टिंगचे २२ लाख त्यात नसते, तर वापर ३५ लाखांवर असता आणि तीच मंदी तुम्ही सहज काढली असती. शाखेचा फोन कशासाठी येत आहे, याचा अंदाज आता यावा.

‘घरावर ताण आला नाही’ हे म्हणणे म्हणूनच खरे नाही, कारण याच सीसीला राजारामपुरीतले राहते घर तारण आहे आणि तुमच्याबरोबर तुमच्या पत्नीचीही वैयक्तिक हमी आहे. साडेदहा टक्क्यांनी २२ लाखांचे व्याज वर्षाला २ लाख ३० हजार होते. हा पैसा मालासारखा विकून परत येणारा नसल्याने ते व्याज दर वर्षी, मुलगी शर्यतीत उतरो वा न उतरो, चालूच राहणार आहे. पत्नी कारखान्यात भागीदार आहेत. त्यांना हा आकडा माहीत आहे की नाही, हे पत्रावरून कळत नाही. नसेल तर तो आजच सांगा.

कार्टवर कारखान्याचे स्टिकर लावून हा खर्च जाहिरातीत दाखवता, असेही तुम्ही लिहिले आहे. दोन पंप कारखान्यांचे जॉबवर्क करणाऱ्या आणि बाजारात काहीही न विकणाऱ्या कारखान्याने बेंगळुरूच्या ट्रॅकवर १३ लाखांची जाहिरात का केली, या प्रश्नाला तपासणीत उत्तर देता येणार नाही. वैयक्तिक खर्च धंद्याच्या खर्चात वजा होत नाही, आणि त्यासाठी वापरलेल्या कर्जाचे व्याजही होत नाही. तुमच्या सीएंना बसवून मागील विवरणपत्रे दुरुस्त करता येतात का ते पाहा. आपणहून दुरुस्त करणे नोटीस आल्यानंतरच्या दंडापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

आता पॉलिसी. एजंटाने तिला ‘मुलीचा रेसिंग करिअर प्लॅन’ म्हटले आणि तुम्ही मान डोलावली, याचे मला नवल वाटते, कारण कारखान्यात यंत्र घेताना तुम्ही तीन कोटेशने मागवता. वर्षाला २ लाख ४० हजार, दहा वर्षे भरायचे, पंधराव्या वर्षी मिळायचे; मुलगी नऊ वर्षांची असताना सुरू झालेली ही पॉलिसी ती चोविसाव्या वर्षी पोहोचेल तेव्हा पिकेल. कार्टिंगनंतरची पायरी असलेल्या फॉर्म्युला ४ मध्ये पंधराव्या वर्षी उतरता येते. म्हणजे ज्या वयात पैसा लागेल त्यानंतर नऊ वर्षांनी तो हातात येणार आहे. एजंटाने दाखवलेले ४५ लाख हे पॉलिसीच्या अंदाजी परताव्याच्या तक्त्यात ८ टक्के गृहीत धरलेल्या रकान्यातले आहेत. त्या रकान्यातले ८ टक्के विमा कंपनीच्या गुंतवणुकीवर धरलेले असतात, तुमच्या पदरात पडणारे नव्हेत, आणि काहीच हमीचे नाही. भरलेल्या २४ लाखांवर ४५ लाख म्हणजे वर्षाला जेमतेम ६ टक्के. शेजारच्या ४ टक्क्यांच्या रकान्यात ३१ लाख लिहिलेले आहेत, ते अडीच टक्के होतात. तो रकाना तुम्हाला कोणी वाचून दाखवला नसावा.

तीन हप्ते गेले आहेत, म्हणजे ७ लाख २० हजार. बंद केल्यास तुम्ही लिहिल्याप्रमाणे सुमारे अडीच लाख परत मिळतात, आणि एवढा तोटा कसा सोसायचा, म्हणून तुम्ही चौथा हप्ता भरायच्या तयारीत आहात. गेलेला पैसा बाजूला ठेवून फक्त इथून पुढचा हिशेब करा. आजचे अडीच लाख आणि उरलेले सात हप्ते तिथेच ठेवले आणि एजंटाचा ४५ लाखांचा आकडा शब्दशः खरा ठरला, तरी पुढचा परतावा वर्षाला ९ टक्क्यांच्या आसपास येतो. ३१ लाख मिळाले तर ५ टक्के. तोच पैसा बँकेचे कर्ज फेडायला वापरला तर साडेदहा टक्के व्याज नक्की वाचते. म्हणून पॉलिसी बंद करावी, मात्र टर्म विमा हातात आल्यावरच. तुमचे वय ४४ आहे. साठाव्या वर्षापर्यंत २ कोटींचे कवच वर्षाला साधारण ५० हजारांत बसावे, तब्येतीनुसार थोडे कमी-जास्त. आज तुमचे काही बरेवाईट झाले तर पॉलिसीचे २४ लाख बँकेच्या ५७ लाखांपुढे निम्मेही पुरणार नाहीत आणि पत्नीकडे राहील ती हमी.

बँकेत स्वतः जा आणि २२ लाख वेगळे काढून मागा. पॉलिसीचे अडीच लाख भरल्यावर साडेएकोणीस लाख राहतील. त्यांचे पाच वर्षांचे मुदत कर्ज त्याच व्याजाने मिळाले तर हप्ता महिन्याला ४२ हजारांच्या आसपास, वर्षाला ५ लाख. बँक लगेच हो म्हणेल असे नाही, पण फोन तिकडून आलेला असताना आराखडा इकडून नेला तर बोलणे वेगळ्या सुरात होते. सीसी मर्यादा वाढवून मागू नका. तोच खड्डा मोठा होईल.

घरखर्च, एसआयपी आणि पॉलिसीचा हप्ता जाऊन तुमच्याकडे महिन्याला ५० हजार म्हणजे वर्षाला ६ लाख उरतात. पॉलिसीचे २ लाख ४० हजार त्यात आले, कर्जाचे ५ लाख आणि विम्याचे ५० हजार गेले. शर्यतींना राहतात सुमारे ३ लाख. तुमची ऐपत एवढी आहे, आणि गेल्या वर्षी तुम्ही त्याच्या चौपटीहून जास्त खर्च केला.

यावर तुम्ही म्हणाल की ३ लाखांत राष्ट्रीय हंगाम होत नाही. होत नाहीच. पण तुमच्या १३ लाखांच्या बिलात साडेचार लाखांची नवी चौकट आहे, आणि तिच्याविषयी तुमच्या मुलीनेच जे लिहून ठेवले आहे ते तुम्ही बहुधा नीट वाचलेले नाही. पत्रासोबत तुम्ही तिच्या शर्यतींच्या वहीची पाने पाठवली आहेत, तिची जिद्द मला दिसावी म्हणून. मला त्यात जिद्दीपेक्षा हिशेब दिसला. नवी चौकट आल्यावर ट्रॅकच्या एका चकरेची वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाने सुधारली, असे ती लिहिते. त्याच आठवड्यात तिने गाडीच्या वेगाची नोंद ठेवणाऱ्या डेटा लॉगरवर पाहिले की वेगवान वळणावर आपण अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय फार आधी उचलतो, ब्रेकची जागा पुढे सरकवली आणि वेळ आणखी तीन दशांश सेकंदाने घटली. रोटॅक्सची इंजिने सीलबंद असतात, सर्वांना सारखी, त्यामुळे हरल्यावर इंजिनाकडे बोट दाखवण्याची सोय फारशी नसते, आणि ती सोय नसलेली मुलगी कारण दुसरीकडे शोधायला शिकली आहे. पावसातल्या शर्यतीत नेहमीच्या मार्गावर साचलेले रबर ओले झाले की तिथेच सर्वांत जास्त घसरते, म्हणून बाहेरून जायचे, हे ती दोनदा गिरकी खाऊन शिकली. बेंगळुरूच्या अंतिम शर्यतीत चौथी येऊनही पुढचा बंपर आत दाबला गेल्यामुळे ५ सेकंदांचा दंड झाला आणि ती नववी ठरली. त्याखाली तिने लिहिले आहे, ‘ती जागा माझी नव्हती, मला फक्त ती दिसली.’ बारा वर्षांच्या मुलीला एवढे कळते.

पुढे ती ज्युनिअर गटात जाईल तेव्हा चौकट पुन्हा मोठी लागेल, असे संघानेच तुम्हाला सांगितले आहे. मग यंदा नवी का घेतली, हे संघाला विचारायला हवे होते. चौकट वजा केल्यास पाच फेऱ्यांचे साडेआठ लाख, म्हणजे फेरीला १ लाख ७० हजार. जुनी चौकट तुमच्याकडे पडून आहे. ती दोन लाखांना गेली तर हाताशी ५ लाख होतात आणि तीन फेऱ्या करता येतात. तीन फेऱ्यांत अजिंक्यपद मिळत नाही, हे तिला स्पष्ट सांगा. बाकीचा सराव कोल्हापूरच्या ट्रॅकवर होतो, आणि राष्ट्रीय फेऱ्यांचे यजमानपद केलेला ट्रॅक घराजवळ असणे हा देशातल्या फार थोड्या मुलांना मिळणारा फायदा आहे. उरलेल्या दोन फेऱ्यांचे साडेतीन लाख प्रायोजकाकडून आले तर आनंद आहे. तोवर ते हिशेबात धरू नका.

सोळाव्या वर्षी एफ-वन अकॅडमी आणि मग पैसा आपोआप, ही तुमची आशाही हिशेबात धरू नका. महिला चालकांची ही मालिका २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा प्रत्येक चालकाने सुमारे दीड लाख युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने १ कोटी ३५ लाख रुपये, स्वतः उभे करायचे होते. आता एफ-वन संघांचे पाठबळ असते, पण ते निकाल दाखवणाऱ्या मोजक्या मुलींना. मुंबईचा जेहान दारूवाला २०११ मध्ये फोर्स इंडिया या एफ-वन संघाच्या शोधमोहिमेत निवडला गेला, कार्टिंग गाजवून एफ-वनच्या एक पायरी खालच्या फॉर्म्युला २ मध्ये चार हंगाम लढला, शर्यती जिंकला, आणि तरीही त्याला फॉर्म्युला १ ची जागा मिळाली नाही. भारताचे आजवर त्या गाडीत बसून शर्यत लढलेले दोघेच, नारायण कार्तिकेयन आणि करुण चंधोक.

शेवटी एक काम राहिले. तुमच्या आरोग्य विम्याच्या कागदात धोकादायक खेळांचे कलम असेल आणि त्यात मोटर रेसिंगचा उल्लेख व्यावसायिक सहभागासाठी वगळणूक म्हणून असेल. मुलगी व्यावसायिक नाही, पण कंपनीकडून तसे लेखी घ्या, आणि वैयक्तिक अपघात पॉलिसीत शर्यती सरसकट वगळल्या आहेत का तेही तपासा. बरगडीची दुखापत कार्टिंगमध्ये नित्याची आहे आणि तो खर्चही सध्या सीसीतूनच जाईल.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात टर्म विम्याचा अर्ज, तो मंजूर होताच पॉलिसी बंद करण्याचा (सरेंडर) अर्ज, दरम्यान सीएंकडे एक बैठक आणि पत्नीसह बँकेत दुसरी. संघाला महिनाअखेर द्यायचे पाच लाख देऊ नका. आणि पुढच्या हंगामातल्या कोणत्या तीन फेऱ्या करायच्या, ते ५ लाखांचा आकडा समोर ठेवून मुलीला ठरवू द्या. कोणत्या ट्रॅकवर तिची वेळ कुठे जाते, ते तिच्या वहीत लिहिलेले आहे.