‘सेवा करायचीय’ म्हणाले, पण ते खोटं होतं

‘ताई, पहिल्याच आठवड्यात सरांनी एकेकाला उभं करून विचारलं, डॉक्टर का व्हायचंय? कुणी आजीचं आजारपण सांगितलं, कुणी भावाचं. मी ‘रुग्णसेवा’ म्हणून मोकळी झाले. खरं तर मार्क होते, बाबांची इच्छा होती आणि डॉक्टरला मान असतो, एवढंच. आता डिसेक्शन हॉलमध्ये, मृतदेहावर शरीररचना शिकतात तिथे, गेले की वाटतं, या माणसाने देहदान केलं ते माझ्यासारखीसाठी? सोडून देऊ का?’
– पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी

अगं, देहदानाच्या अर्जावर ‘फक्त ध्येयवेड्यांसाठी’ असं कुणी लिहून ठेवत नाही. त्या माणसाची अपेक्षा एवढीच की त्याच्यावर कुणीतरी नीट शिकावं. तेव्हा मागे उभी राहू नकोस, पुढे होऊन चिमटा हातात घे.

तुझी कारणं तोकडी आहेत, हे खरं. पण मला जास्त काळजी वाटते ती जीव वाचवायलाच आलेल्यांची. सुरुवातीला वाचवायला कुणी मिळतच नाही. मिळतात ती २०६ हाडं, नसांची नावं, मृतदेह टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनचा वास आणि व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. पुढे वॉर्डात आणि ओपीडीत भेटतात मधुमेह, रक्तदाब, दमा. म्हणजे बहुतेकदा ताब्यात ठेवायचे आजार. तोच पेशंट काही महिन्यांनी गोळ्या सोडून परत येतो आणि तुम्ही त्याच्यावर न चिडता विचारायचं, ‘का हो बंद केल्यात?’ कदाचित त्याला त्या परवडत नसतील, कदाचित चक्कर येत असेल. डॉक्टरकीचा मोठा भाग हा असा असतो. आजीची गोष्ट सांगणाऱ्यालाही तो नव्यानेच शिकावा लागणार आहे.

मानाचं मात्र सांगून ठेवते. वॉर्डात सगळ्यांत कमी कळणारी व्यक्ती तू असशील. ‘मला माहीत नाही, विचारून सांगते’ हे वाक्य रोज म्हणावं लागेल. आत्तापासून सवय कर.

सोडण्याचं म्हणशील, तर चार्ल्स डार्विनही वडिलांच्या इच्छेनेच १८२५ मध्ये एडिंबरोला वैद्यक शिकायला गेला होता. भूल द्यायला क्लोरोफॉर्म यायच्या आधीचा तो काळ. एका लहान मुलावरचं ऑपरेशन त्याला बघवेना, तो अर्ध्यातूनच बाहेर पळाला. १८२७ मध्ये त्याने ते शिक्षण सोडलं. (पुढे त्याचं काही वाईट झालं नाही.) पण त्याला ते कामच सोसत नव्हतं. तुझं दुखणं तर, पत्रावरून दिसतं त्याप्रमाणे, सरांना दिलेल्या उत्तराचं आहे. कामाची तुझी अजून ओळखच कुठे झालीय?

ती करून घे. परवानगी काढून एखाद्या पेशंटशेजारी अर्धा तास बस. पुस्तक नको, वही नको. आजार कुठला ते नंतर. आधी त्याचे दिवस कसे जातात ते ऐक. असं चार-पाच वेळा कर. दर वेळी घड्याळाकडेच लक्ष जात असेल तर बाबांशी बोलायची वेळ आली असं समज, आणि ते बोलणं कसं करायचं यासाठी मला पुन्हा लिही.

तोवर सरांनी परत उभं केलंच, तर ‘अजून कळलेलं नाही’ म्हण. चिडतील कदाचित. चिडू देत.