स्लॅबची तारीख का हुकते?

प्रश्न : चार मजली इमारतीच्या वेळापत्रकात आम्ही प्रत्येक कामाला दोन-दोन दिवस जादा धरले होते. तरीही दर स्लॅब आठवडाभर लांबतो. चुकतं कुठे?

उत्तर : जादा दिवस चुकीच्या जागी धरले गेलेत. हाताशी दिवस आहेत म्हटल्यावर काम तितके दिवस चालतं. वाचलेला दिवस पुढच्या टोळीला मिळत नाही, उशीर मात्र पुरेपूर मिळतो.

शिवाय सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा), सळई आणि वायरिंगचे पाइप तिन्ही तयार झाल्याशिवाय काँक्रीट भरता येत नाही. प्रत्येक काम वेळेत होण्याची शक्यता ८० टक्के धरली आणि एकाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही असं मानलं, तरी तिन्ही वेळेत होण्याची शक्यता जेमतेम ५१ टक्के उरते. प्रत्यक्षात तर ही कामं एकमेकांत अडकलेली असतात : सळईची खालची जाळी बांधल्याशिवाय पाइप टाकता येत नाहीत आणि पाइप पडल्याशिवाय वरची जाळी बांधता येत नाही. पंख्याच्या बॉक्सची जागा ठरलेली नसेल, तर सळईची आणि वायरिंगची अशा दोन्ही टोळ्या बसून राहतात. बहुतेक साइटवर उशीर इथेच होतो. तेव्हा वायरिंग आणि स्लीव्हचं (स्लॅबमधून पाइप जाण्यासाठी ठेवलेल्या भोकांचं) मंजूर ड्रॉइंग सेंट्रिंग सुरू होण्याआधी हातात हवं.

कामांमधले जादा दिवस काढून घ्या आणि त्यातले निम्मे स्लॅबच्या तारखेआधी एकत्र, मोकळे ठेवा. काम निम्मं उरलेलं असताना या मोकळ्या दिवसांतले दोन-तृतीयांश संपले, तर त्याच दिवशी माणसं वाढवा. टेकू लवकर काढून मात्र दिवस भरून काढू नका.

प्रश्न : लिफ्टची ऑर्डर कधी द्यावी?

उत्तर : बसवायच्या तारखेपासून उलटं मोजा. ड्रॉइंग मंजुरीला ३ आठवडे, बनवायला १२, वाहतुकीला २ आणि राखीव ३ लागत असतील, तर ऑर्डर २० आठवडे आधी हवी. पण पिटची (लिफ्टखालच्या खड्ड्याची) खोली आणि शाफ्टचं (लिफ्ट ज्यातून वर-खाली जाते त्या पोकळीचं) माप पाया भरण्याआधीच लागतं, म्हणून कंपनीची निवड त्याहून आधी करा. नंतर पिट खोल करायचा म्हणजे भरलेला पाया फोडणं आलं.

प्रश्न : उशीर मालकाच्या निर्णयामुळे झाला, तर वाढीव मुदत मिळते का?

उत्तर : करार पाहा. बहुतेक करारांत ठरावीक दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९च्या नमुना करारनाम्यात ही मुदत २८ दिवसांची आहे. साइट डायरीत तारीख, थांबलेलं काम आणि बसून राहिलेली माणसं रोजच्या रोज लिहा.