एंट्रीवरचा क्लिक पकडताना

दांडिया बाजारातल्या दुकानासाठी पायथॉनमध्ये बिलाचा फॉर्म करतोयस, म्हणून आधीच सांगतो: टीके-इंटरमध्ये, म्हणजे पायथॉनच्या खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीत, बटणाला कमांड (दाबल्यावर चालणारं फंक्शन) देता येते, एंट्रीला, म्हणजे मजकूर लिहायच्या खान्याला, नाही. तिथे बाइंड वापर, म्हणजे घटनेला तुझं फंक्शन बांध. 'बटन-१' बांधलंस की डावा क्लिक कळतो. पण तुझं फंक्शन एंट्रीच्या स्वतःच्या कामाआधी चालतं, त्यामुळे कर्सर अजून जुन्याच जागी असतो. सगळा मजकूर निवडायचा असेल तर ते आफ्टर-आयडलवर, म्हणजे हातातलं काम संपल्यावर चालायला, सोड, नाहीतर निवड लगेच पुसली जाईल. आणि फंक्शनमधून 'ब्रेक' परत करू नकोस रे, त्याने एंट्रीचं स्वतःचं काम थांबतं, खान्यात कर्सरच येणार नाही!

खरं तर काउंटरवरचा माणूस माउसपेक्षा टॅब जास्त दाबतो. मी तुझ्या जागी फोकस-इन, म्हणजे टायपिंग त्या खान्यात आल्याची घटना, पकडला असता. क्लिक आणि टॅब दोन्ही त्यात येतात. फक्त फोकस आधीच असलेल्या खान्यावर पुन्हा क्लिक केला तर फोकस-इन येत नाही.