आणखी एक्स्टेन्शन नकोत, आधी आहेत ती काढा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: कायम इन्कॉग्निटोत, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत ब्राउझ करता, प्रायव्हसीसाठी ब्राउझरला सात एक्स्टेन्शन (छोटे जोड-प्रोग्राम) टाकलीत, तरी एकदा बूट बघितले की पुढे आठवडाभर बुटांच्याच जाहिराती दिसत राहतात. वर बँकेची साइटही नीट चालेना.

आठवं एक्स्टेन्शन सुचवणार नाही. उलट सहा उडवा. जाहिराती अडवणारं एक पुरे: फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन, क्रोमवर त्याचीच लाइट आवृत्ती. ‘सर्व वेबसाइटवरील डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी आपण न वाचता देऊन टाकतो. त्या ‘सर्व’मध्ये तुमची बँकही आली आणि पासवर्डची चौकटही. मी यात पोळलोय. स्क्रीनशॉट काढणारं एक साधं एक्स्टेन्शन तीन वर्षं वापरत होतो. मध्येच त्याचा मालक बदलला, अपडेट गुपचूप आलं आणि सर्चच्या निकालांत भलत्याच लिंका घुसायला लागल्या. मी आठवडाभर बिचाऱ्या राउटरवर डाफरत बसलो होतो!

इन्कॉग्निटोबद्दलचा गैरसमज जुनाच आहे. खिडकी बंद केली की हिस्ट्री आणि कुकीज (साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी) तुमच्या मशीनवरून जातात, एवढंच. इंटरनेट कंपनीला, ऑफिसच्या नेटवर्कला आणि खुद्द साइटला तुम्ही दिसताच. आणि त्या खिडकीत ईमेलला किंवा शॉपिंगच्या खात्यात लॉगिन केलंत, तर लपायचं राहिलंच काय? बूट मागे लागण्याचं कारण बहुधा तिथेच सापडेल.

आता कुकीज. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू माँटुली या प्रोग्रामरनी त्या आणल्या, त्या साइटला आधीची भेट लक्षात राहावी म्हणून. आपण उघडलेल्या साइटची कुकी कामाचीच असते. त्रास देते ती थर्ड पार्टी, म्हणजे तिऱ्हाईत कंपनीची कुकी. एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा शंभर साइटवर चिकटवलेला असतो आणि प्रत्येक ठिकाणी तो तुम्हाला ओळखतो. सफारीने २०२० मध्येच या कुकीज सरसकट बंद केल्या. फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवतो. क्रोमने २०२० मध्ये बंद करू म्हटलं, तारखा पुढे ढकलल्या आणि शेवटी बेतच गुंडाळला. त्यामुळे क्रोममध्ये हे काम आपलं आपणच करायचं: सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, थर्ड पार्टी कुकीज, ब्लॉक. एखादी साइट अडलीच तर तेवढ्या साइटला सूट द्या, सगळ्यांना दार उघडू नका.

तिथेच साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सची यादी उघडून बघा. कधीतरी घाईत ‘अलाउ’ दाबलेल्या साइट तिथे ठाण मांडून असतात. सगळ्या काढा आणि पुढे कोणी विचारूच नये असं ठेवा. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ छापाचे निरोप बरेचदा तिथूनच येतात.

फक्त एचटीटीपीएस (साइटशी होणारी देवाणघेवाण सांकेतिक करणारी जोडणी) वापरण्याचा पर्यायही चालू करा, पण पत्त्याशेजारी त्याचं कुलूप दिसलं म्हणजे साइट सज्जन, असं नव्हे. भामट्यांच्या साइटलाही कुलूप मिळतं. क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढलं, त्यामागे हाच गैरसमज होता. ‘डू नॉट ट्रॅक’ या सेटिंगवर वेळ घालवू नका, ती ‘माझा माग काढू नका’ अशी साइटला केलेली नुसती विनंती होती, फारसं कोणी पाळली नाही आणि फायरफॉक्सने २०२५ मध्ये ती काढूनही टाकली.

फिंगरप्रिंटिंग, म्हणजे कुकीशिवाय ब्राउझरच्या बारीकसारीक वैशिष्ट्यांवरून तुम्हाला ओळखणं, मात्र सेटिंगने पूर्ण थांबत नाही. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३ टक्क्यांहून अधिक ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले होते. पानावर खुणा सोडणारी एक्स्टेन्शन वाढवली की आपण गर्दीत आणखी उठून दिसतो.

बँकेसाठी: आधी ब्राउझर अपडेट करा. मग सगळी एक्स्टेन्शन बंद करून साइट उघडा. चालली, तर एकेक चालू करत जा. जिथे अडेल ते एक्स्टेन्शन कोणतं, ते इथे लिहा.